हातमोजे धुणारी

शैलाला पहिलं लेकरू झालं ते साल चौऱ्याण्णव. ऑगस्टच्या नऊ तारखेला मुलगी झाली, आणि त्याच्या सहा दिवस आधी तिच्या आईच्या, मैनाबाईच्या बोटात सुई गेली.

सुई गेली तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. टाके घालायची वाकडी सुई ट्रेच्या तळाशी रक्ताच्या पाण्यात पडली होती. ती उचलताना मधल्या बोटाला टोचली. दवाखान्यातल्या अकरा वर्षांच्या नोकरीत अशा किती टोचल्या त्याची गणतीच नव्हती. तिनं बोट नळाखाली धरलं, तोंडात घालून चोखलं, थुंकून टाकलं आणि पुढचे हातमोजे धुवायला घेतले.

भय आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

"मैनाबाई, कालचे मोजे कुठं आहेत?" सिस्टर सिंधुताईंनी दारातूनच विचारलं. कॅज्युअल्टीचा सगळा कारभार सिंधुताईंच्या हाती. एरवी त्यांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू जाई. आज तो दबका होता.

"दोरीवर हायत ना. सुकले. फुगवून पायले, एक फाटका निंघाला. बाकीचे चांगले हायत."

"तोंडानं फुगवले?"

"मंग कायनं फुगवू? सायकलच्या पंपानं?"

सिंधुताई हसल्या नाहीत.

भिलाईत, रुआबांध्याच्या वाटेवर एका ट्रस्टचा हा लहानसा दवाखाना होता. कॅज्युअल्टीत दोन खाटा, एक टेबल, ऑक्सिजनचं एक सिलिंडर. हातमोजे एकदा वापरून फेकायची चैन त्या काळी कुणाला परवडत नव्हती. मैनाबाई तिथली आया; ती ते मोजे औषधाच्या पाण्यात बुडवी, धुई, उलटे करून दोरीवर टाकी. सुकले की एकेक मोजा ओठांशी धरून फुगवी आणि गालाजवळ नेई. बारीक भोक असलं तर गालाला वारा लागे. मग पावडर, जोड्या, फडक्यात गुंडाळी, आणि वाफेच्या ड्रममध्ये रवानगी. हे काम तिच्याइतकं चोख कुणाला येत नसे, आणि त्याचा तिला तोराही होता.

"ते जाळायचे होते, बाई," सिंधुताई म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझ्या ध्यानातून गेलं."

"कावून जाळाचे? नवे कोरे हायत."

सिंधुताईंनी मागं वळून पाहिलं, मग त्या आजाराचं नाव घेतलं. भुताचं नाव घ्यावं तसं, ओठ न हलवता. काल सायकलवरून पडून मांडी फाडून घेतलेला जो माणूस आला होता, त्याला तो होता. टाके घालताना डॉक्टरांनी दोन-दोन मोजे चढवले होते. केसपेपरवर लाल शाईनं इंग्रजीत लिहिलंही होतं. ज्या बाईच्या हातात तो ट्रे पडणार होता, तिला तेवढं सांगायचं राहून गेलं.

मैनाबाईनं उजवा हात पुढं केला. मधल्या बोटावर मोहरीएवढा काळा ठिपका होता. "ताई, अन् हे?"

सिंधुताई एक पाऊल मागं सरल्या. अकरा वर्षं दोघींनी एका डब्यातली भाजी खाल्ली होती. त्या एका पावलानं मैनाबाईला सगळं कळलं.

डॉक्टर शामसुंदर पंचविशीतले, नुकतेच लागलेले. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं. दवाखान्यात ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.

"अम्मा, घबराना नहीं. ऐसी सुई हज़ार लोगों को लगे, तो तीन को बीमारी होती है. तीन महीने बाद खून रायपुर भेजेंगे."

"तीन महिने? आजच पाह्य ना बाबू."

"आज दिखेगा नहीं."

"तोवर काय करू?"

"कुछ नहीं. घर में सब वैसे ही रहेगा. छूने से नहीं फैलती. साथ खाओ, बैठो, सब करो." हे सांगताना त्यांचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. मैनाबाई त्यांच्या तोंडाकडं पाहत नव्हती, त्या खिशांकडं पाहत होती.

घरी जाताना तिनं मनात हजार बाया रांगेत उभ्या केल्या. रांग दवाखान्याच्या फाटकापासून सुरू झाली आणि मरोद्याच्या तळ्यापर्यंत गेली. त्यातल्या नऊशे सत्त्याण्णव बाया हसत-बोलत घरी गेल्या. तीन उरल्या. दोघींची तोंडं तिला दिसेनात. तिसरीनं तिचंच हिरवं लुगडं नेसलेलं होतं.

घरी शैला दिवस भरून बसली होती. मैनाबाईचा नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती आणि ही एकुलती एक पोर. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. रीतीत आणखी एक गोष्ट असते, ती कुणी सांगत नाही कारण ती सगळ्यांना ठाऊक असते. बाळाला तेल लावून, पाय पसरून, पायांवर पालथं घालून आंघोळ घालायची ती आजीनं. मैनाबाईनं त्यासाठी वैशाखापासून तयारी केली होती. तिळाचं तेल भंडाऱ्याकडून आणवलं होतं, आपलं जुनं मऊ लुगडं फाडून दुपटी शिवली होती. गल्लीत सांगून ठेवलं होतं, "माह्या पायावरून पाणी जाईन, मंगच ते लेकरू भिलाईचं होईन."

मुलगी झाली. गोरी, डोक्यावर दाट जावळ. शेजारच्या कांतानं पहिल्या दिवशी बाळ पुढं केलं, "घे व आजीबाई, पाय पसर."

मैनाबाईनं हात पदराखाली घेतले. "माह्या हाताले खाज सुटली हाय. दवाखान्याच्या औषधानं. लेकराले लागन. तूच घाल."

"खाज? दाखव."

"दाखवासारखं काय हाय त्यात! घाल म्हन्लं ना."

त्या दिवसापासून कांता आंघोळ घालू लागली. मैनाबाई पाणी तापवून देई, शेगडी पेटवून देई, धुरी देई आणि दाराशी उभी राही. बाळ रडलं की तिची मांडी आपोआप हले, जशी मांडीवर बाळ असताना हलते. जेवणाची ताटली तिनं वेगळी केली. पाण्याचा गडू वेगळा. बाळंतिणीच्या खोलीत झोपायचं सोडून ती स्वयंपाकाच्या कोपऱ्यात झोपू लागली. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून खिडकीतल्या आरशात जीभ काढून पाही. आज काही नव्हतं. उद्याचं कोण सांगणार?

बाराव्या दिवशी बारसं झालं. शैलाची सासू प्रेमलाबाई राजनांदगावहून आली. धिप्पाड बाई, बोलायला फटकळ. पाळण्यापाशी बसून ती सगळं निरखत होती. गल्लीतल्या बायांनी बाळ एकमेकींच्या हातात दिलं. मैनाबाईपाशी आलं तेव्हा ती "चहा उतू जाऊन राहिला" म्हणून उठली. चूल विझलेली होती.

"आमच्याकडं तं आजी असताना शेजारनीनं आंघोळ घालत नाहीत," प्रेमलाबाई मोठ्यानं म्हणाली. "भिलाईची रीत निराळी दिसते. नोकरीवाल्या बायायचं सगळंच निराळं."

कुणीतरी हसलं. मैनाबाई विझलेली चूल फुंकत राहिली.

दुपारी पाहुणे गेल्यावर शैलानं तिला खोलीत बोलावलं. बाळ पदराखाली पीत होतं.

"माय, खरं सांग. पोट्टी झाली म्हणून तू हात लावत नाहीस का?"

हा विचार मैनाबाईला शिवलाही नव्हता. "काय बोलून राहिली व तू!"

"मंग काय? खाज गिज काही नाही तुह्या हाताले. मी पायलं ना. मी पोट्टी होतो तवाबी असंच केलं होतं का मले?"

सांगून टाकावं असं तिला वाटलं. पण सांगितलं तर शैला बाळंतपणाची खाट टाकून त्याच पावली राजनांदगावला जाईल. गल्लीत कळेल. नोकरी जाईल. सिंधुताईंसारखी शैलासुद्धा एक पाऊल मागं सरेल, आणि ते पाऊल तिला पाहवणार नव्हतं.

"तसं समज," ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन राखेनं भांडी घासू लागली. घासलेलीच भांडी.

ऑगस्टच्या चोवीस तारखेला तो माणूस पुन्हा आला. कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर सकाळपासून बसला होता. मैनाबाई फरशी पुसत त्याच्यापाशी पोचली तेव्हा त्यानं पाय वर घेतले.

"माय, डाक्टर येतीन का आज? टाके काढाचे होते. आठ दिवसात काढतो म्हन्ले होते. रोज म्हन्तेत कल आना. एकवीस दिवस झाले."

मैनाबाईचा हात फडक्यावरच थांबला. "तू तो सायकलवरून पडलेला?"

"हो माय. फकिरा म्हन्तेत मले. मरोद्याले राहतो. पहिले ठेकेदाराकडं कारखान्यात जड माल चढवाच्या साखळ्या बांधत होतो उंचावर."

वीस दिवस तिनं या माणसाचं तोंड कल्पनेत पाहिलं होतं. राक्षसासारखं. समोर चौतिशीचा, गालफडं बसलेला, धुतलेला शर्ट घातलेला माणूस होता. शर्टाला सगळ्या गुंड्या होत्या. त्याचा तिला जास्तच राग आला.

"तुह्यामुळं मेलो मी!" ती म्हणाली. "तुही सुई गेली माह्या हातात. घरी बाळंतीन हाय माह्या. दोन बोटायचं लेकरू हाय."

फकिराचं तोंड उघडं राहिलं. "पन मी तं सांगतलं होतं माय. आल्या आल्या सांगतलं डाक्टरले, साहेब, मले ती बिमारी हाय, सांभाळून करा. कोनाले लागू नाही म्हणून सांगतलं." मग त्यानं तिच्या बोटाकडं पाहिलं. "तुले नाही सांगतलं का त्याईनं?"

त्यानं सांगितलं होतं, हे तिला नको होतं. तो लबाड असता तर बरं झालं असतं.

"कशी लागली तुले?" तिनं विचारलं.

"काय माहीत? तीन साल पहिले पाय मोडला तवा दोन बाटल्या रगत चढलं होतं. अन् मी काही लय देवमानूस बी नव्हतो. कुठून आली, कोनाले विचारू? बायको माहेरी गेली. लेकरू नव्हतं, तेवढं चांगलं."

"पहिले काय झालं तुले? सुरुवातीले?"

त्याला प्रश्न समजला. त्यानं सगळं नीट सांगितलं, पहिल्यांदा कामावर आलेल्याला जुन्यानं सांगावं तसं. आधी ताप, उतरत नव्हता. मग तोंडात पांढरा थर. मग पँट कमरेवरून घसरायला लागली. मैनाबाईनं एकेक मनात टिपून ठेवलं.

बारा वाजले. डॉक्टर ऑपरेशनला गेले होते, सिंधुताईंना "फार काम" होतं. मैनाबाईनं कात्री आणि चिमटा उकळून आणला, दार लोटलं आणि फकिराला टेबलावर निजवलं. टाके काढणं तिनं हजारदा पाहिलं होतं.

"मोजे घाल ना माय," तो घाबरून म्हणाला.

"मोजे मीच धुतो. मले ठाऊक हाय त्याईची अक्कल." ती कात्री चालवत राहिली. "अन् आता घालून काय करू? बैल तं गेला, आता झोपा कायले?"

उघड्या बोटांनी तिनं त्याची मांडी दाबून धरली. चामडी गरम होती. दोऱ्याभोवती मांस चढलं होतं, दुखत असणार, पण तो ओरडला नाही. पाच टाके निघाले तेव्हा तिनं पाहिलं, तो डोळे मिटून रडत होता.

"दुखलं का?"

"नाही. दोन साल झाले, कोनी हात नव्हता लावला."

मैनाबाईनं औषध लावलं, पट्टी बांधली आणि ती त्याच्यावर ओरडली, "रडू नको, मंग मले बी रडू येते. जाय घरी."

पुढं सप्टेंबरच्या शेवटी त्याला धाप लागली म्हणून शेजाऱ्यांनी आणून टाकलं. स्ट्रेचर बोळात, संडासापाशी. त्याचे ओठ निळे पडले होते. ऑक्सिजनचा मास्क एकच होता. तो याला लावला तर पुढचा पेशंट कसा वापरेल, यावर दोघा-तिघांची आपसात चर्चा चालली होती. मैनाबाईनं सिलिंडर चाकांवरून ढकलत बोळात नेलं. त्याला उठवून बसवलं, पाठ आपल्या छातीशी घेतली आणि मास्क तोंडावर धरला. "सावकाश घे गा. तुले गाडी थोडीच पकडाची हाय."

डॉक्टर शामसुंदर दारात उभे होते. तिच्याकडं पाहत त्यांनी एक हात खिशातून काढला. मग दुसरा. मग जवळ येऊन त्यांनी फकिराची नाडी धरली. त्या दिवसापासून त्याला खाट मिळाली, सलाईन मिळालं, आणि चार दिवसांनी तो चालत घरी गेला. जाताना म्हणाला, "माय, तुले काही झालं नसन पाह्य. माहं मन सांगते."

"तुह्या मनाले काय डाक्टरी येते?" ती म्हणाली. पण ते वाक्य तिनं घरापर्यंत सांभाळून नेलं.

दिवाळी झाली आणि तीन महिने भरले. रक्त रायपूरला गेलं. बारा दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. बावीस नोव्हेंबरला डॉक्टरांनी कागद उघडला आणि हसून म्हणाले, "अम्मा, कुछ नहीं है. एकदम साफ."

तिनं तीनदा विचारलं. तीनदा त्यांनी तेच सांगितलं. ती धुण्याच्या खोलीत गेली, नळ पूर्ण सोडला आणि त्या आवाजात मोठ्यानं रडली.

घरी जाऊन तिनं अंगावरून पाणी घेतलं, मग ती पाय पसरून बसली आणि म्हणाली, "आन व तिले."

शैलानं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. "आज कशी आठवन आली?"

"आन म्हन्लं ना."

बाळ पायांवर आलं. साडेतीन महिन्यांचं, भरलेलं, आता पायांवर मावत नव्हतं. तेलाचा हात पाठीवरून फिरला आणि बाळ हसलं. शैला मात्र उंबऱ्याशीच उभी होती. मैनाबाईनं तेव्हाही तिला सांगितलं नाही. काय सांगणार? संकट गेल्यावर संकटाची गोष्ट सांगणं तिला अवघड वाटलं. सहा दिवस तिनं आंघोळ घातली. सातव्या दिवशी जावई आले आणि शैलाला, बाळाला घेऊन गेले. निघताना शैला पाया पडली, पण "माय, येतो" एवढंच म्हणाली.

दोन डिसेंबरला, शुक्रवारी, सकाळची पाळी होती. नऊ वाजता सायकलरिक्शातून फकिराला आणलं. मैनाबाई दोरीवरचे मोजे काढत होती. खिडकीतून तिनं त्याला पाहिलं. आता त्याचं काही उरलं नव्हतं. शर्टात नुसती काठी. तो खोकला आणि त्याच्या हनुवटीवरून रक्त आलं.

"मैनाबाई!" आतून हाक आली. "तुमचा तो माणूस आला हो!"

ती मोजे हातात घेऊन तिथंच उभी राहिली.

तिला वाटलं होतं, भय संपलं. भय संपलं नव्हतं. फकिराला हात लावताना ते तीन महिने कुठंतरी बाजूला उभं होतं, कारण तिच्याजवळ गमावण्यासारखं काही उरलंय असं तिलाच वाटत नव्हतं. आता होतं. संक्रांतीला शैला बाळाला घेऊन येणार होती. मैनाबाईनं आपली दोन्ही हातांची बोटं पाहिली. नखाजवळ एक चीर होती, थंडीनं पडलेली.

ती गॉजच्या घड्या घालत बसली. घातलेल्या मोडून पुन्हा घातल्या. भिंतीवरच्या घड्याळात नऊ पाच झाले. नऊ दहा. बोळातून खोकल्याचा आवाज येत होता, आणि मधूनच, दमलेला, "माय आली नाही का आज?"

नऊ वीसला ती उठली. ड्रम उघडून तिनं हातमोजे काढले. एक जोडी चढवली. मग तिच्यावर दुसरी. आणि बोळात गेली.

फकिरानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि मग हातांकडं. बराच वेळ तो हातांकडंच पाहत राहिला. मैनाबाईला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

"चांगला आला का तुहा कागद?" त्यानं विचारलं.

तिनं मान डोलावली.

"मंग बरं केलं घातले ते," तो म्हणाला, आणि खरोखर हसला. "म्हन्लं नव्हतं तुले? लेकराले आंघोळ घातली?"

"घातली."

"बस मंग." खोकला आला तशी त्यानं धडपडत मान पलीकडं, भिंतीकडं वळवली, तिच्या अंगावर काही उडू नये म्हणून.

तिनं त्याला उठवून बसवलं. पाठ छातीशी घेतली. रबराच्या दोन थरांतून त्याचा ताप तिला नीट कळत नव्हता. डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, जे होतं ते सगळं केलं. सिंधुताईंनी स्वतःच्या हातानं चादर बदलली.

फकिरा, राहणार मरोदा, मूळचा भंडारा जिल्ह्याचा, शुक्रवार दोन डिसेंबर एकोणीसशे चौऱ्याण्णव रोजी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी त्या कॅज्युअल्टीत वारला. कागदावर न्यूमोनिया लिहिलं. त्याचे डोळे मैनाबाईनं मिटले, हातमोजे घालून.